पखवाजाची कणीक, तबल्याची शाई

आमच्या बीड जिल्ह्यात हरिनाम सप्ताह बसला की कीर्तनाआधी पखवाजी कणीक मळून डाव्या तोंडावर थापतो. यंदा शेजारी बसलेले एक गुरुजी म्हणाले, "सूर पेटीला न् वीणेला. चामड्याला कसला आलाय सूर?"

निम्मं खरं आहे. तार छेडली की ती अख्खी थरथरते, शिवाय दोन, तीन, चार भागांतही थरथरते. या कंपनसंख्यांचं प्रमाण १ : २ : ३ : ४, म्हणून कानाला एकच स्वच्छ सूर लागतो. एकसारख्या जाडीच्या गोल चामड्यात मात्र ते १ : १.५९ : २.१४ : २.३० असं येतं. कुणाचा कुणाशी मेळ नाही.

तबल्याच्या मधोमध असलेल्या काळ्या गोल शाईनं हे गणितच बदललं. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात हे मांडलं. शाई म्हणजे खळीत कालवलेली लोखंडाची पूड, थरावर थर देऊन दगडानं घोटलेली. पहिल्या कंपनात चामड्याचा मध्य सर्वांत जास्त हलतो, म्हणून मधलं वजन त्यालाच सर्वाधिक मंदावतं. दुसऱ्यात एक व्यास स्थिर राहतो, मध्य हलतच नाही, म्हणून ते कमी मंदावतं. दोघांतलं अंतर वाढत १ : १.५९ चं १ : २ होतं. वरची कंपनंही जोडीनं जुळतात. नऊ कंपनप्रकार मिळून पाचच स्वर उरतात: पहिल्या दोन स्वरांत एकेक, तिसऱ्या-चौथ्यात दोन-दोन, पाचव्यात तीन. 'ना' हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकते ती याचसाठी. पहिलं कंपन दबतं, आणि बोट ज्या स्थिर व्यासावर आहे ते दुसरं कंपन मोकळं वाजतं. शाई घोटणाऱ्या कारागिरांनी हे नुसत्या कानानं साधलं. मला याहून मोठं आश्चर्य माहीत नाही.

पाश्चात्त्य वाद्यवृंदातल्या टिंपनीला, म्हणजे तिथल्या मोठ्या नगाऱ्याला, शाई नसते. तिथं चामड्याला लगटून हलणारी हवाच वजनाचं काम करते. काठाजवळ काठी मारली की मुख्य कंपनं साधारण २ : ३ : ४ : ५ या प्रमाणात येतात. बेथोव्हनचा १८०६ चा व्हायोलिन कॉन्चेर्टो टिंपनीच्या ठोक्यांनीच सुरू होतो. त्यानंतर लगेच झाकीर हुसेन यांचा तबला आणि वाद्यवृंदासाठीचा 'पेशकार' ऐका, तो २०१५ साली मुंबईत प्रथम वाजला. शंभरेक वाद्यं सुरात असताना तबला बेसूर वाटत नाही, तो शाईमुळे.

हल्ली '४३२ हर्ट्झ म्हणजे विश्वाचं कंपन, त्यानं आजार बरे होतात' असे संदेश फिरतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद माणसानं ठरवलेला. विश्वाला त्याचं काय? बहुतेक वाद्यवृंद आपला 'ए' हा स्वर ४४० च्या आसपास जुळवतात, तोही केवळ सोयीचा करार.

गुरुजींना मी कणकेकडे बोट दाखवलं. तेही वजनच, खर्जासाठी. उत्तररात्री ती सुकते, पाणी उडालं की हलकी होते आणि सूर चढू लागतो. मग पखवाजी अभंग संपताच ओला हात फिरवून तो उतरवतो.