हिप-हॉप गीते, १९९० च्या दशकातील

अमेरिकेतील कृष्णवर्णीय आणि लॅटिन वस्त्यांतून निघालेल्या हिप-हॉप संगीतातील, साधारणपणे १९९० ते १९९९ या काळात ध्वनिमुद्रित झालेली व पुढे अभिजात मानली गेलेली गीते. ठेक्यावर बोलली जाणारी यमकबद्ध पदरचना (रॅप) आणि बहुधा जुन्या तबकड्यांवरील तुकडे जोडून (सॅम्पलिंग) उभी केलेली साथ ही या गीतांची दोन मुख्य अंगे होत. त्यांच्या अभिजात काळाच्या सीमा अभ्यासक वेगवेगळ्या आखतात. काहींच्या मते हा काळ १९८६-८७ च्या सुमारास सुरू होऊन १९९३ च्या आसपास संपतो. इतर काही जण तो टूपाक शकूर आणि नटोरियस बी.आय.जी. या रॅपरांच्या हत्यांपर्यंत, म्हणजे १९९६-९७ पर्यंत नेतात. पहिले मत स्वीकारल्यास न्यूयॉर्कबाहेरची बरीचशी महत्त्वाची गाणी वगळली जातात, म्हणून प्रस्तुत नोंदीत दुसरे मत सोयीचे मानले आहे.

हिप-हॉपचा आरंभ ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेज्विक ॲव्हेन्यू या इमारतीतील एका मेजवानीत झाला असे म्हणण्याचा प्रघात आहे. तेथे जमैकात जन्मलेल्या कूल हर्क याने तबकड्या वाजवल्या होत्या. ही तारीख प्रतीकात्मक समजावी. त्याची पद्धत पुढील काही वर्षांत घडत गेली असावी. गाण्यातील फक्त तालवाद्यांचा टापू हेरून, दोन सारख्या तबकड्यांवर तो आलटून पालटून लांबवत नेणे, ही ती पद्धत. नव्वदच्या दशकातील सॅम्पलिंगचे मूळ यातच आहे.

दशकाच्या प्रारंभी रॅप खपत होते, पण प्रतिष्ठेपासून दूर होते. १९९० मध्ये एमसी हॅमर याचे ‘यू कान्ट टच धिस’ जगभर वाजले आणि त्याच वर्षी व्हॅनिला आइस या गौरवर्णीय गायकाचे ‘आइस आइस बेबी’ हे ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेले पहिले रॅप गीत ठरले. खरा पालट मात्र मोजणीच्या पद्धतीने घडवला. मे १९९१ पर्यंत ‘बिलबोर्ड’च्या अल्बमयाद्या दुकानदारांनी सांगितलेल्या अंदाजांवर बेतलेल्या असत. साउंडस्कॅन ही यंत्रणा आल्यावर गल्ल्यावर प्रत्यक्ष नोंदली गेलेली विक्री मोजली जाऊ लागली. महिनाभरातच एन.डब्ल्यू.ए. या लॉस अँजेलिसच्या गटाचा, रेडिओने जवळजवळ वाळीत टाकलेला अल्बम पहिल्या क्रमांकावर पोहोचला. हा श्रोता आधीपासूनच होता. तो मोजलाच जात नव्हता.

सॅम्पलिंगचे तंत्र : या गीतांचा नाद समजून घ्यायचा तर ज्या यंत्रांवर ती घडली त्यांच्याकडे पाहावे लागते. न्यूयॉर्कच्या निर्मात्यांचे आवडते यंत्र म्हणजे १९८७ मध्ये बाजारात आलेले ई-म्यू कंपनीचे एसपी-१२००. त्याची स्मृती एकूण जेमतेम दहा सेकंदांची असून एका तुकड्यास सुमारे अडीच सेकंदच मिळत. या टंचाईवर एक युक्ती निघाली. ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांच्या वेगाने वाजवून ध्वनी यंत्रात भरायचा, म्हणजे तो कमी जागेत मावतो; मग यंत्रातच त्याचा वेग व पट्टी खाली आणायची. यंत्र मुळात १२ बिटांचे, म्हणजे ध्वनी काहीसा ढोबळ नोंदणारे; त्यात ध्वनी असा खाली ओढला की वरच्या पट्टीतील बारकावे झिजत आणि त्यांच्या जागी जाडसर खरखर येई. ही खरखर दोष न मानता निर्मात्यांनी मुद्दाम जपली. यंत्राच्या मर्यादेतून जन्मलेला नाद पुढे त्या शैलीचे लक्षणच झाला. रॉजर लिन याच्या आराखड्यावरचे अकाई कंपनीचे एमपीसी६० (१९८८) हे दुसरे महत्त्वाचे यंत्र. त्यावरील चौकोनी कळा बोटांनी वाजवता येत असल्याने तुकडे जोडणे हे जवळजवळ तालवादनच झाले. ठेका किंचित मागेपुढे झुलवण्याची सोयही त्यात होती.

या तंत्राचा उत्कृष्ट नमुना म्हणून पीट रॉक आणि सीएल स्मूथ यांचे ‘दे रेमिनिस ओव्हर यू’ (१९९२) हे गीत घ्यावे. हेवी डी अँड द बॉइज या गटातील नर्तक ट्रॉय डिक्सन जुलै १९९० मध्ये एका अपघातात वारला. इंग्रजी शीर्षकाच्या आद्याक्षरांतून त्याचेच नाव तयार होते. पीट रॉकने टॉम स्कॉट या सॅक्सोफोनवादकाच्या १९६७ मधील ध्वनिमुद्रणातला एक तुकडा उचलला. ते ध्वनिमुद्रणही स्वतंत्र नव्हे, तर जेफरसन एअरप्लेन या रॉक वाद्यवृंदाच्या गाण्याची आवृत्ती. स्कॉटच्या ध्वनिमुद्रणात ओझरता येणारा हा सॅक्सोफोन येथे धृपदाच्या जागी पुन्हा पुन्हा येतो, आणि त्याखाली खर्जातला बेस सतत चालू राहतो. कडव्यांत सीएल स्मूथ थेट मृत्यूवर बोलत बसत नाही. तो आपली आई, आजोबा, घर वाढवणारी माणसे यांची आठवण काढत जातो. शोकगीताचा भार शब्दांइतकाच त्या उसन्या सुरावटीने पेललेला आहे. सॅम्पलिंग ही उचलेगिरी आहे, असा आक्षेप घेणाऱ्यांनी हे गीत मूळ ध्वनिमुद्रणाशेजारी ठेवून ऐकावे.

जुन्या जॅझ, सोल आणि फंक तबकड्या नव्या पिढीपर्यंत पोहोचवण्याचे काम या गीतांनी केले. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या गटाच्या १९९१ च्या अल्बमात रॉन कार्टर हा ज्येष्ठ जॅझवादक स्वतः डबल बेस वाजवतो. वू-टँग क्लॅनच्या ‘क्रीम’ या गीतात गटाचा निर्माता आर्‌झा याने द चार्मेल्स या फारशा न गाजलेल्या स्त्रीगटाचे १९६७ मधील गाणे वापरले आहे. हे गीत नसते तर ती तबकडी संग्राहकांपुरतीच उरली असती.

कायदा व परिणाम : १७ डिसेंबर १९९१ रोजी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात न्या. केव्हिन डफी यांनी बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल दिला. गिल्बर्ट ओसुलिव्हन याच्या १९७२ मधील गीताचा तुकडा त्याने परवानगीविना वापरला होता. निकालपत्राची सुरुवात ‘चोरी करू नकोस’ या बायबलमधील आज्ञेने होते. या निकालामुळे पब्लिक एनिमीसारख्या गटांची, एका गाण्यात डझनावारी तुकडे रचण्याची पद्धत संपली, असे बहुतेक ग्रंथांत आढळते. हे मत पूर्णपणे नाकारता येत नाही, कारण परवाना घेणे प्रत्येक तुकड्यामागे खर्चाचे झाले. परंतु ज्या गीतांत एकच तुकडा घोळवला जातो ती रचना निकालापूर्वीही रूढ होती आणि निर्मात्यांचा कलही स्वतंत्रपणे मोकळ्या, संथ साथीकडे झुकत होता. कायद्याने चालू प्रवाहाला वेग दिला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टू लाइव्ह क्रू या गटाच्या बाजूने एकमताने निर्णय देऊन, विडंबनगीत व्यापारी असले तरी रास्त वापरात (परवानगीविना चालणाऱ्या वापरात) बसू शकते, असे ठरवले. पण त्याचा लाभ विडंबनापुरताच राहिला. परवान्यांच्या गुंत्याचा दीर्घ परिणाम डी ला सोल या गटाने भोगला. त्यांचे आरंभीचे अल्बम मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर उपलब्धच नव्हते.

कायद्यातील आणखी एक बाब संगीतदृष्ट्या महत्त्वाची आहे. ध्वनिमुद्रण आणि मूळ रचना यांचे हक्क वेगळे असतात. तबकडीचा तुकडा घेतल्यास दोन्ही परवाने लागतात. तीच सुरावट वादकांकडून नव्याने वाजवून घेतल्यास केवळ रचनेचा पुरतो. एन.डब्ल्यू.ए.मधून पुढे आलेला निर्माता व रॅपर डॉ. ड्रे याने हा दुसरा मार्ग मोठ्या प्रमाणावर अवलंबला.

जी-फंकचा उगम : संथ चाल, खोल बेस, पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक गटांच्या परंपरेतील सुरावटी आणि वर शिटीसारखा घसरत जाणारा सिंथेसायझर ही कॅलिफोर्नियाच्या जी-फंक शैलीची लक्षणे. तिचा जनक कोण, याविषयी एकमत नाही. सर्वसामान्य ग्रंथ हा मान डॉ. ड्रेच्या डिसेंबर १९९२ मधील ‘द क्रॉनिक’ या अल्बमास देतात. अबव्ह द लॉ या गटाचा निर्माता कोल्ड १८७अम याने मात्र ही शैली आपली असल्याचा दावा सातत्याने केला आहे. त्याच्या गटाचा अल्बम फेब्रुवारी १९९३ मध्ये निघाला, तरी त्याचे काम ‘द क्रॉनिक’पूर्वी झाले होते असे दिसते. दोघेही काही काळ रूथलेस या एकाच ध्वनिमुद्रण कंपनीत होते, आणि गटाचा १९९० चा पहिला अल्बम घडवण्यात ड्रेचाही हात होता. त्यामुळे कल्पना कोणाकडून कोणाकडे गेली हे सांगणे अवघड. शिवाय तो शिटीसारखा सूर ओहायो प्लेयर्सच्या ‘फंकी वर्म’ या गाण्यातून एन.डब्ल्यू.ए.च्या १९८७ मधील गीतात आधीच आला होता, आणि त्यांच्याच १९९१ च्या ‘ऑल्वेज इन्टू समथिन’मध्ये जी-फंकचा आराखडा स्पष्ट ऐकू येतो. हे पाहता एका जनकाचा शोध सोडून, १९९१-९२ च्या सुमारास एका लहानशा वर्तुळात ही शैली एकत्रितपणे घडली, असे मानणे बरे. तिला लोकप्रिय केले ते मात्र निःसंशय ड्रे आणि स्नूप डॉग यांच्या ‘नथिन बट अ जी थँग’ने, व १९९४ मध्ये वॉरन जी आणि नेट डॉग यांच्या ‘रेग्युलेट’ने. ही दोन्ही गीते ‘बिलबोर्ड’च्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली.

न्यूयॉर्कच्या गीतांत शब्दरचनेची घनता अधिक. क्वीन्सब्रिज या सरकारी गृहसंकुलात वाढलेल्या नास याच्या एप्रिल १९९४ मधील ‘इलमॅटिक’ या अल्बमातील यमके ओळीच्या शेवटी न थांबता ओळीच्या पोटात, बहुअक्षरी जुळण्यांनी येतात, आणि वाक्य ठेक्याची सम ओलांडून पुढे जाते. त्यातील एका गीताच्या अखेरीस त्याचे वडील ओलू डारा यांचे तुतारीसदृश वाद्यावरील वादन आहे. नटोरियस बी.आय.जी. याचे ‘जूसी’ (१९९४) हे दारिद्र्यातून वर येण्याचे गाणे आजही समारंभांत वाजते. त्याच्या साथीची मूळ कल्पना आपली असल्याचे पीट रॉक सांगतो. श्रेयनामावलीत त्याचे नाव नाही.

टूपाक शकूरच्या ‘डिअर मामा’ (१९९५) या गीतातील आई म्हणजे अफेनी शकूर. ती ब्लॅक पँथर पक्षाची कार्यकर्ती होती. कटाच्या खटल्यातून मे १९७१ मध्ये तिची निर्दोष सुटका झाली आणि पुढच्याच महिन्यात टूपाक जन्मला. याच पक्षावरून नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, हे मराठी वाचकास ठाऊक आहेच. गीतात आईचे व्यसन लपवलेले नाही, आणि तिच्याविषयीची कृतज्ञताही त्यामुळे कमी होत नाही. त्याचे ‘कीप या हेड अप’ (१९९३) हे लॉस अँजेलिसमध्ये १९९१ साली दुकानात गोळी घालून मारल्या गेलेल्या लटाशा हार्लिन्स या पंधरा वर्षांच्या मुलीस अर्पण केलेले आहे. त्या प्रकरणातील सौम्य शिक्षा हे १९९२ च्या तेथील दंगलीमागील संतापाचे एक कारण मानले जाते.

या गीतांतील स्त्रीद्वेष व हिंसेचे वर्णन यांवर कृष्णवर्णीय समाजातूनच कठोर टीका झाली. नागरी हक्क चळवळीतील सी. डेलोरिस टकर यांनी १९९४ मध्ये अमेरिकन सिनेटपुढे साक्ष दिली. ही टीका केवळ सनातनी म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. तिला आतून मिळालेले सर्वांत ठाम उत्तर म्हणजे क्वीन लतिफाचे ‘युनिटी’ (१९९३). रस्त्यावरील छेडछाड आणि घरातील मारहाण यांवर ते उघडपणे बोलते. १९९९ मध्ये लॉरिन हिल हिच्या अल्बमास ग्रॅमीचा वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार मिळाला. हिप-हॉपला हा मान प्रथमच लाभला.

दक्षिणेकडील गीतांची दखल उशिरा घेतली गेली. ह्यूस्टनच्या गेटो बॉइज या गटाचे ‘माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी’ (१९९१) गुन्हेगारी जगातील माणसाच्या भीतीचे व मनोभ्रमाचे असामान्य चित्रण करते. अटलांटाच्या आउटकास्टने ऑगस्ट १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या पुरस्कारसोहळ्यात हुर्यो सोसून दक्षिणेच्या वतीने आवाज उठवला.

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत ‘डिअर मामा’, ‘द क्रॉनिक’, ‘इलमॅटिक’ इत्यादींचा समावेश झाला आहे. भारतात उपग्रह वाहिन्यांबरोबर ही गीते पोहोचली. बाबा सेहगलचे ‘ठंडा ठंडा पानी’ (१९९२) व्हॅनिला आइसच्या गीतावर बेतलेले होते. उलट दिशेची देवघेव दशक सरल्यावर दिसते : डीजे क्विक याने २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या ‘ॲडिक्टिव्ह’साठी लता मंगेशकर यांच्या ‘थोडा रेशम लगता है’चा तुकडा विनापरवाना घेतला आणि प्रकरण लॉस अँजेलिसच्या न्यायालयात गेले. मुंबईच्या रॅपरांवर नासचा ठसा विशेष आहे. डिव्हाइन आणि नेझी यांच्या ‘मेरे गली में’ (२०१५) नंतर वाढलेल्या गली-रॅपवरील ‘गली बॉय’ (२०१९) या चित्रपटाच्या कार्यकारी निर्मात्यांत नासचे नाव होते, आणि त्याच वर्षी त्याच्या मास अपील या कंपनीने भारतातील पहिला कलाकार म्हणून डिव्हाइनशी करार केला. स्वदेसी या मुंबईच्या गटाने मराठीसह अनेक भाषांत रॅप करताना आरे वनातील वारली आदिवासींचा प्रश्न गाण्यात आणला.