डेस्कटॉप साइडबार गॅजेट्स

संगणकाच्या पडद्यावर मुख्य कामाच्या बाजूला राहून एखादीच माहिती सतत दाखवणारे अथवा एखादेच छोटे काम करणारे लघुकार्यक्रम. घड्याळ, दिनदर्शिका, हवामान, प्रोसेसर व स्मृती यांचा वापर दाखवणारे मापक, चलनदर, बातम्यांचे मथळे आणि छायाचित्रांची फिरती मालिका ही त्यांची परिचित उदाहरणे होत. ही गॅजेट्स एकाखाली एक बसवण्यासाठी पडद्याच्या कडेला जी उभी पट्टी राखून ठेवली जाते, ती साइडबार होय. प्रणालीपरत्वे त्यांना विजेट, डेस्कलेट, प्लाझ्मॉइड किंवा स्किन म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः विंडोज व्हिस्टा (२००७) आणि विंडोज ७ (२००९) यांतील गॅजेट्सचा विचार केला आहे. अन्य प्रणालींचा उल्लेख तुलनेपुरता येईल.

उगमाचा प्रश्न : गॅजेट्सचा उगम कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाबरोबर १९८४ मध्ये आलेल्या डेस्क ॲक्सेसरीज हे त्यांचे पहिले रूप होय, असे अनेक लेखक मानतात. त्या संगणकाची स्मृती अवघी १२८ किलोबाइट होती आणि त्यावर एका वेळी एकच कार्यक्रम चालत असे. लेखन चालू असताना बेरीज करायची झाली, तर लेखनाचा कार्यक्रम बंद करण्यावाचून गत्यंतर नसे. ही अडचण दूर करण्यासाठी गणकयंत्र, टिपणवही, गजराचे घड्याळ यांसारखी छोटी साधने मुख्य कार्यक्रमाच्या सोबतीने चालतील अशी सोय करण्यात आली. मूळ कल्पना बड ट्रिबल यांची आणि तिला प्रत्यक्ष रूप देण्याचे श्रेय अँडी हर्ट्झफेल्ड यांचे, असे सामान्यतः सांगितले जाते. त्याच वर्षी बोरलँड कंपनीने डॉस प्रणालीसाठी साइडकिक हा कार्यक्रम काढला. तो स्मृतीत दडून राही आणि ठरावीक कळा दाबताच चालू कामाच्या वर गणकयंत्र किंवा टिपणवही उघडे. तेव्हा अग्रक्रमाचा मान एकट्या मॅकिंटॉशला देणे काहीसे धाडसाचे ठरते.

वादाचा दुसरा आणि अधिक गाजलेला टप्पा २००३ ते २००५ या काळातील आहे. आर्लो रोझ व पेरी क्लार्क यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये मॅक ओएस एक्ससाठी कॉन्फॅब्युलेटर हा कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्यात विजेटचे रूप एक्सएमएल या खुणांच्या भाषेत आणि वर्तन जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिता येत असे. त्यामुळे प्रोग्रॅमिंगचे मोठे शिक्षण नसलेल्यांनाही स्वतःची विजेट्स रचता येऊ लागली. जून २००४ मध्ये ॲपलने डॅशबोर्ड हा स्वतःचा विजेट-कार्यक्रम जाहीर केला आणि एप्रिल २००५ मध्ये तो मॅक ओएस एक्सच्या टायगर या आवृत्तीबरोबर वितरित झाला. दोहोंचे बाह्य साम्य इतके होते, की डॅशबोर्ड ही सरळ उचल असल्याचा आरोप झाला. ॲपलच्या बाजूने असा युक्तिवाद करण्यात आला, की छोट्या साधनांची कल्पना ॲपलच्याच डेस्क ॲक्सेसरीजची आहे आणि डॅशबोर्डची घडण वेबकिट या ब्राउझर-यंत्रणेवर, म्हणजे एचटीएमएल, सीएसएस व जावास्क्रिप्ट या वेबपाने रचण्याच्या भाषांवर, आधारलेली असल्याने तांत्रिकदृष्ट्या ती वेगळी आहे. तंत्राचा भेद खरा आहे, हे मान्य करावे लागते. परंतु सुटी, देखणी आणि कोणालाही रचता येतील अशी विजेट्स लोकांच्या पडद्यावर रुळवण्याचे काम कॉन्फॅब्युलेटरने आधी केले, हे प्रस्तुत संकलकास अधिक महत्त्वाचे वाटते. जुलै २००५ मध्ये याहूने कॉन्फॅब्युलेटर विकत घेतला आणि पुढे २०१२ मध्ये ती सेवा थांबवली.

या दोन्ही पक्षांच्या मांडणीत पडद्याच्या कडेची पट्टी मात्र कोठेच दिसत नाही. तिचा माग मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील साइडशो या प्रकल्पाकडे जातो. २००१–०२ च्या सुमारास या प्रकल्पाची माहिती प्रसिद्ध झाली. हातातील काम न सोडता, नजरेच्या कडेने टपाल, भेटींच्या वेळा आणि सहकाऱ्यांची उपस्थिती यांचे भान राहावे, हा साइडशोच्या पट्टीचा हेतू होता व कंपनीतील कर्मचाऱ्यांनी ती प्रत्यक्ष वापरली होती. पुढे व्हिस्टा या नावाने आलेल्या प्रणालीच्या २००३ मधील प्रात्यक्षिकांत साइडबार दिसतो. मध्यंतरी तो वगळला गेला आणि २००५ मध्ये गॅजेट्ससह पुन्हा जाहीर झाला. १९९७ मधील इंटरनेट एक्सप्लोरर ४ बरोबर आलेल्या ॲक्टिव्ह डेस्कटॉपने वेबपान डेस्कटॉपवर आणून ठेवले होते, म्हणून काही जण त्यालाच खरा पूर्वज मानतात. तंत्राच्या दृष्टीने हे मत सयुक्तिक आहे. तथापि प्रत्येक साधनाची स्वतंत्र जुळवणी करण्याची सोय त्यात फारशी नव्हती. एकंदरीत, छोट्या साधनांची परंपरा, कडेच्या पट्टीची कल्पना आणि वेबपानाचे तंत्र असे तीन प्रवाह व्हिस्टाच्या साइडबारमध्ये एकत्र आले, हे मत सर्वांत ग्राह्य ठरावे. गूगल डेस्कटॉपच्या २००५ मधील दुसऱ्या आवृत्तीतही साइडबार होता. तो २०११ पर्यंत चालला.

अंतर्रचना : विंडोजमधील गॅजेट ही वस्तुतः एका संकुचित केलेल्या फोल्डरची फाइल असते. तिचे विस्तारनाम (फाइलच्या नावातील टिंबानंतरचा भाग) गॅजेट असले तरी आत साधी झिप रचना असते. विस्तारनाम बदलून झिप केले, की ती कोणालाही उघडून पाहता येते. डिजिटल स्वाक्षरी केलेली गॅजेट्स कॅब या मायक्रोसॉफ्टच्या संकुचित रचनेतही मिळत. आत गॅजेट डॉट एक्सएमएल ही वर्णनफाइल, मुख्य एचटीएमएल पान, सीएसएस व जावास्क्रिप्ट फाइली आणि चित्रे असतात. नाव, आवृत्ती, कर्त्याचा उल्लेख, बोधचिन्ह आणि आरंभीचे पान कोणते हे वर्णनफाइलीत नोंदवलेले असते. ही फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात जतन करावी लागते. भाषेच्या नावाचे उपफोल्डर ठेवून एकाच गॅजेटच्या निरनिराळ्या भाषांतील आवृत्त्याही देता येतात.

प्रणालीबरोबर येणारी गॅजेट्स प्रोग्रॅम फाइल्समधील विंडोज साइडबार या फोल्डरात असतात, तर वापरकर्त्याने स्वतः बसवलेली गॅजेट्स त्याच्या खात्याच्या स्थानिक ॲप-डेटा विभागात जातात. तेथेच सेटिंग्ज डॉट आयएनआय ही फाइल असते. पडद्यावरील प्रत्येक गॅजेटची जागा, पारदर्शकता आणि निवडलेले पर्याय तीत नोंदले जातात. नोंद गॅजेटच्या प्रत्येक प्रतीसाठी वेगळी होत असल्यामुळे एकाच घड्याळाच्या तीन प्रती पडद्यावर ठेवून त्यांना तीन कालविभाग देता येतात. याच कारणाने एखादी प्रत बंद केली, की तिची जुळवणीही जाते आणि पुन्हा आणल्यावर सर्व पर्याय नव्याने निवडावे लागतात. मांडणी मनासारखी झाल्यावर या फाइलीची प्रत काढून ठेवण्याची सवय म्हणूनच उपयोगी पडते.

पान दाखवण्याचे काम इंटरनेट एक्सप्लोररची यंत्रणा करते. मात्र ब्राउझरमधील पानाला जी बंधने असतात ती गॅजेटला नसतात. त्याला फाइली वाचता येतात, ॲक्टिव्हएक्स घटक (संगणकावर थेट काम करू शकणारे छोटे कार्यक्रम) वापरता येतात, प्रोसेसरचा भार किंवा विद्युतघटाची स्थिती विचारता येते. गॅजेटची सारी उपयुक्तता या मोकळिकीत आहे आणि पुढे त्याच्या अस्तास तीच कारण झाली.

मांडणी व जुळवणी : व्हिस्टामध्ये साइडबार प्रथमतः मुख्य पडद्याच्या उजव्या कडेला दिसतो व त्यात घड्याळ, छायाचित्रे आणि बातम्यांचे मथळे ही तीन गॅजेट्स असतात. पट्टीच्या वरच्या टोकाशी असलेल्या अधिक-चिन्हावर क्लिक केल्यास गॅजेट्सचे दालन उघडते. हवे ते गॅजेट ओढून पट्टीत सोडावे किंवा त्यावर दोनदा क्लिक करावे. गॅजेट्सची संख्या पट्टीच्या उंचीत मावेनाशी झाली, तर पुढील पानावर जाण्यासाठी बाण दिसतात. पट्टीच्या रिकाम्या जागी राइट क्लिक करून गुणधर्म उघडल्यास ती डावीकडे की उजवीकडे, एकाहून अधिक पडदे असल्यास कोणत्या पडद्यावर, इतर खिडक्यांच्या नेहमी वर असावी की नाही आणि विंडोजबरोबर आपोआप सुरू व्हावी की नाही हे ठरवता येते. पट्टी बंद केल्याने ती केवळ नजरेआड होते. तिचा कार्यक्रम खरोखर थांबवायचा असेल, तर टास्कबारच्या टोकाशी असलेल्या सूचनाविभागातील बोधचिन्हावर राइट क्लिक करून बाहेर पडण्याचा पर्याय निवडावा लागतो.

गॅजेट पट्टीतून बाहेर ओढून डेस्कटॉपवर सुटे ठेवता येते. पट्टीतील गॅजेटसाठी सुमारे १३० पिक्सेल इतकीच रुंदी उपलब्ध असल्याने अनेक गॅजेट्स सुटी झाल्यावर मोठी होऊन अधिक तपशील दाखवतात. एका दिवसापुरते हवामान दाखवणारे गॅजेट बाहेर येताच पुढील दिवसांचा अंदाजही दाखवू लागते. विंडोज ७ मध्ये पट्टी काढून टाकण्यात आली आणि गॅजेट्स डेस्कटॉपवर कोठेही ठेवण्याची मुभा मिळाली. ती पडद्याच्या कडेला व एकमेकांना आपोआप चिकटतात, त्यामुळे पट्टीशिवायही सरळ रांग लावता येते. येथे दालन उघडण्यासाठी डेस्कटॉपवर राइट क्लिक करून गॅजेट्स हा पर्याय निवडतात.

गॅजेटवर माउस नेला, की त्याच्या बाजूला बंद करण्याची फुली, लहान-मोठे करण्याचा बाण, जुळवणीसाठी पान्याचे चिन्ह आणि ओढण्यासाठी ठिपक्यांची मूठ दिसते. पान्याचे चिन्ह सर्वच गॅजेट्सना असते असे नाही, कारण जुळवणीचे पान देणे रचणाऱ्याच्या मर्जीवर असते. घड्याळात तबकडीची आठ रूपे, घड्याळाचे नाव, कालविभाग आणि सेकंदकाटा यांची निवड करता येते. छायाचित्रांत फोल्डर, प्रत्येक चित्राचा अवधी आणि चित्र बदलताना दिसणारा परिणाम. बातम्यांचे मथळे इंटरनेट एक्सप्लोररमध्ये नोंदवलेल्या फीडांवर (संकेतस्थळांकडून आपोआप येणाऱ्या नव्या मजकुराच्या याद्यांवर) अवलंबून असतात, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. गॅजेट रिकामे दिसत असल्यास प्रथम तेथील यादी तपासावी. राइट क्लिकच्या मेनूत पारदर्शकता २० ते १०० टक्क्यांपर्यंत पाच पायऱ्यांत बदलता येते आणि गॅजेट नेहमी वर ठेवण्याचाही पर्याय मिळतो. तो पर्याय सरसकट सर्वांना लावणे इष्ट नाही. खिडक्यांची बटणे त्यांच्याखाली झाकली जातात. झाकलेली गॅजेट्स पाहण्यासाठी विंडोज ७ मध्ये विंडोज कळ व जी या कळांची जोड आहे. व्हिस्टामध्ये त्यासाठी विंडोज कळ व स्पेसबार वापरतात.

सुरक्षितता व अस्त : ऑगस्ट २००७ मध्येच मायक्रोसॉफ्टला बातम्या, संपर्क आणि हवामान या स्वतःच्याच गॅजेट्समधील दोष दूर करणारी सुधारणा काढावी लागली. १० जुलै २०१२ रोजी कंपनीने २७१९६६२ क्रमांकाची सूचना प्रसिद्ध केली. गॅजेट्समधील दोषांचा वापर करून परक्या व्यक्तीस वापरकर्त्याच्या अधिकाराने संगणकावर हवा तो कार्यक्रम चालवता येऊ शकतो, असे तीत म्हटले होते. त्याच महिन्यात ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षा परिषदेत मिकी श्काटोव्ह व टोबी कोहलेनबर्ग यांचे या विषयावरील सादरीकरण योजलेले होते. दोष एखाद-दुसऱ्या गॅजेटपुरता असता, तर दुरुस्ती शक्य होती. वेबपानाला स्थानिक कार्यक्रमाचे अधिकार देणारी मूळ चौकटच प्रश्नाच्या मुळाशी असल्याने कंपनीने गॅजेट्स व साइडबार पूर्णपणे बंद करणारे साधन उपलब्ध करून दिले. ऑक्टोबर २०१२ मधील विंडोज ८ मध्ये ती वगळली गेली. बाहेरच्या विकासकांनी जुनी गॅजेट्स नव्या विंडोजवर चालवणारे संच काढले आहेत. परंतु त्यांच्याबरोबर जुनी जोखीमही परत येते, हे वापरणाऱ्याने नीट ध्यानात घ्यावे. अनोळखी ठिकाणाहून आणलेले गॅजेट बसवणे म्हणजे अनोळखी कार्यक्रम बसवणेच होय.

अन्य व उत्तरकालीन प्रणाली : २००१ पासून विकसित होत आलेला रेनमीटर हा विंडोजवरील मुक्त पर्याय होय. त्यातील स्किन ही साधी मजकूरफाइल असते. माहिती मिळवणारे मेझर आणि ती दाखवणारे मीटर असे तिचे दोन घटक असून नूतनीकरणाचा अवधी मिलिसेकंदांत देतात. १००० हा आकडा सर्वसाधारण आहे. रोमनेतर लिपीतील मजकूर नीट दिसण्यासाठी फाइल यूटीएफ-१६ संकेतनात जतन करावी. राइट क्लिकच्या मेनूतून स्किन डेस्कटॉपला चिकटवणे, ओढता न येण्याजोगी करणे किंवा तिच्यातून क्लिक आरपार जाऊ देणे शक्य होते. लिनक्सवर जीडेस्कलेट्स, सुपरकरंबा आणि काँकी ही साधने वापरात आली. २००८ मधील केडीई ४ या लिनक्सवरील डेस्कटॉप-प्रणालीने तर संपूर्ण डेस्कटॉपच विजेट्सचा बनवला, अगदी खालची पट्टीही.

ऑक्टोबर २०२१ मधील विंडोज ११ मध्ये विजेट्सचे स्वतंत्र फलक आहे. विंडोज कळ व डब्ल्यू यांनी ते उघडते आणि प्रत्येक विजेटच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतून त्याचा आकार लहान, मध्यम किंवा मोठा करता येतो. येथे विजेट स्वतःची संहिता (कोड) चालवत नाही. मूळ ॲप केवळ साचा व माहिती पुरवते आणि ती दाखवण्याचे काम प्रणाली करते. ॲपलने मॅकच्या प्रणालीच्या २०१९ मधील कॅटालिना आवृत्तीत डॅशबोर्ड काढून टाकला, आणि सप्टेंबर २०२३ मधील सोनोमा आवृत्तीत विजेट्स थेट डेस्कटॉपवर ठेवण्याची सोय दिली. खिडकी पुढे असताना ती आपोआप फिकट होतात व आयफोनवरील विजेट्सही तेथे ठेवता येतात.