क्वार्टरबॅकला बाकावर बसवणे

अमेरिकन फुटबॉलमध्ये सतत कमी पडणाऱ्या मुख्य क्वार्टरबॅकला, म्हणजे संघाच्या आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, सुरुवातीच्या अकरा जणांतून काढून त्याच्या जागी राखीव क्वार्टरबॅकला उतरवण्याचा निर्णय. हा निर्णय मुख्य प्रशिक्षकाचा असतो, पण त्यावरचा वाद त्याच्या खोलीत मावत नाही. संघमालक, महाव्यवस्थापक, माजी खेळाडू, वृत्तपत्रांचे स्तंभलेखक आणि रेडिओवर फोन लावणारे प्रेक्षक असे सगळेच त्यात उतरतात. नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या व्यावसायिक स्पर्धेत ३२ संघ आहेत आणि २०२१पासून प्रत्येक संघ साखळी फेरीत १७ सामने खेळतो. साधारण आठवड्याला एकच सामना असल्याने एका पराभवाचा काथ्याकूट पुढच्या सामन्यापर्यंत पुरतो. शहरातला सर्वांत लाडका खेळाडू म्हणजे राखीव क्वार्टरबॅक, असे अमेरिकेत म्हणतात. तो मैदानात आलेलाच नसतो, त्यामुळे त्याच्या चुकाही कोणी पाहिलेल्या नसतात.

वाद एवढा पेटतो तो या जागेच्या स्वरूपामुळे. आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. चाल कोणती खेळायची हे प्रशिक्षक त्याच्या हेल्मेटमधल्या छोट्या स्पीकरवरून सांगतात. एनएफएलने ही सोय १९९४मध्ये सुरू केली. चाल सुरू करण्याच्या घड्याळात १५ सेकंद उरले की हा आवाज बंद होतो. मग समोरच्या बचावफळीची मांडणी वाचणे, गरज पडल्यास ओरडून चाल बदलणे आणि चेंडू हाती आल्यावर अडीच-तीन सेकंदांत तो कोणाकडे फेकायचा हे ठरवणे, सारे त्याच्या एकट्यावर येते. क्रिकेटमध्ये फॉर्म हरवलेल्या फलंदाजाला दुसऱ्या टोकाचा जोडीदार सांभाळून घेतो, त्याला खालच्या क्रमांकावर पाठवता येते. क्वार्टरबॅकला अशी आडोशाची जागा नसते. त्याचा वाईट दिवस हा संघाचा वाईट दिवस ठरतो.

पण दोष खरोखर त्याचाच आहे का, हे ठरवणे फार अवघड असते, आणि या वादाचे मूळ तिथेच आहे. १९७३पासून एनएफएल पासर रेटिंग हा आकडा वापरते. पूर्ण झालेल्या पासांचे प्रमाण, प्रत्येक पासमागे मिळालेले यार्ड, टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोहोचवून मिळवलेले गुण) आणि प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास, म्हणजे इंटरसेप्शन, यांवरून तो काढतात. त्याची कमाल मर्यादा १५८.३ आहे. झेलणाऱ्याच्या हातातून उडालेला चेंडू बचावपटूने पकडला, तरी इंटरसेप्शन क्वार्टरबॅकच्याच खात्यात जमा होते. समोरची पाच जणांची फळी कोसळली आणि त्याला घाईने चेंडू फेकावा लागला, तरी अपूर्ण पास त्याच्याच नावावर लागतो. टीव्हीवर दिसतो तो चेंडूभोवतीचा भाग. सर्व बावीस खेळाडू दिसतील असे उंचावरून घेतलेले चित्रण प्रशिक्षक सामन्यानंतर पुन्हापुन्हा पाहतात, आणि अनेकदा त्यांचा निष्कर्ष प्रेक्षकांच्या निष्कर्षाहून वेगळा निघतो तो त्यामुळेच.

प्रशिक्षकही दुसऱ्या बाजूने अंधारातच असतात. आठवड्याच्या सरावातला मोठा वाटा मुख्य क्वार्टरबॅकला मिळतो. राखीव खेळाडूचे काम बरेचदा पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून आपल्याच बचावफळीला सराव देणे एवढेच असते. त्यामुळे ज्याच्या हाती संघ सोपवायचा, त्याला संघाच्या स्वतःच्या चाली खऱ्या वेगात खेळताना त्यांनी क्वचितच पाहिलेले असते.

याचा सर्वांत कठोर दाखला २०१७मध्ये बफेलो बिल्स संघाने दिला. पाच विजय आणि चार पराभव अशी स्थिती असताना प्रशिक्षक शॉन मॅकडर्मट यांनी टायरॉड टेलरला बसवून नवख्या नेथन पीटरमनला लॉस एंजेलिस चार्जर्सविरुद्ध उतरवले. त्याने १४ पास फेकले, त्यातले पाच प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेले, आणि हे सगळे मध्यंतराच्या आत घडले. उत्तरार्धात टेलर परत आला, तरी सामना ५४-२४ असा गेला. पुढे टेलरच मुख्य क्वार्टरबॅक राहिला आणि बिल्सनी १९९९च्या हंगामानंतर प्रथमच बाद फेरी गाठली. सरावात दिसलेल्या उमेदीवर मॅकडर्मट यांनी भरवसा टाकला होता. सामन्याच्या दडपणात ती उमेद अर्धा वेळही टिकली नाही.

नेमके उलट टेनेसी टायटन्सच्या बाबतीत घडले. २०१९मध्ये डेन्व्हरविरुद्ध संघाला एकही गुण मिळेना, तेव्हा मार्कस मारिओटाला सामना चालू असतानाच काढून रायन टॅनेहिलला पाठवले गेले. तो सामना संघ हरलाच. पण त्या वेळी दोन विजय आणि चार पराभवांवर असलेला संघ शेवटी ९-७ वर पोहोचला आणि आपल्या गटाच्या, एएफसीच्या, अंतिम सामन्यापर्यंत गेला. त्याच आक्रमणफळीकडून, त्याच चालींतून वेगळे निकाल आले. इथे दोष क्वार्टरबॅकच्या जागेवरच होता, असे म्हणायला जागा आहे.

इतर अनेक बदल दुखापतीने घडवून आणले. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा ड्रू ब्लेडसो हा १९९३च्या ड्राफ्टमधला, म्हणजे संघांनी पाळीपाळीने केलेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीतला, पहिला खेळाडू. मार्च २००१मध्ये त्याने दहा वर्षांसाठी १० कोटी ३० लाख डॉलरचा करार केला. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला न्यूयॉर्क जेट्सच्या मो लुइसच्या धडकेने त्याच्या छातीत रक्तस्राव झाला आणि २०००च्या ड्राफ्टमध्ये १९९व्या क्रमांकावर निवडलेला टॉम ब्रेडी मैदानात आला. खरा निर्णय पुढे नोव्हेंबरमध्ये झाला. ब्लेडसो बरा झाला होता, करार त्याच्या बाजूने होता, आणि प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी तरीही ब्रेडीलाच ठेवले. फेब्रुवारी २००२मध्ये संघाने सेंट लुइस रॅम्सला २०-१७ असे हरवून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. ब्रेडीने पुढे एकूण सात सुपर बोल जिंकले, म्हणून आज तो निर्णय उघड-उघड बरोबर वाटतो. त्या नोव्हेंबरात बेलिचिक यांच्या हाती मात्र जेमतेम दोन महिन्यांचा पुरावा होता. ब्लेडसोबद्दल एक गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी. पिट्सबर्गविरुद्ध एएफसीच्या अंतिम सामन्यात ब्रेडीचा घोटा दुखावला, तेव्हा कित्येक महिने बाकावर बसलेला ब्लेडसो आत आला, त्याने टचडाउन पास फेकला आणि सामना हातचा जाऊ दिला नाही.

सान फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सच्या ॲलेक्स स्मिथवर २०१२मध्ये झालेला अन्याय याहून ठळक म्हणावा लागेल. त्या हंगामात त्याचे सुमारे ७० टक्के पास पूर्ण होत होते. डोक्याला मार लागल्याने तो बाहेर बसला, तेवढ्यात कॉलिन कॅपर्निकने प्रभाव पाडला आणि प्रशिक्षक जिम हार्बो यांनी स्मिथला जागा परत दिली नाही. तो घसरलेला क्वार्टरबॅक नव्हताच. संघ सुपर बोलपर्यंत गेला आणि बाल्टिमोर रेव्हन्सकडून ३४-३१ असा हरला.

निर्णय योग्य असो वा चुकीचा, तो ज्या रीतीने घेतला जातो तिला वेगळे वजन असते. न्यूयॉर्क जायंट्सनी २००४मध्ये कर्ट वॉर्नरला बसवले तेव्हा संघ ५-४ असा बरा चालला होता. त्याच्या जागी आलेल्या इलाय मॅनिंगने पहिले सहा सामने हरले, पण भविष्य याचेच आहे असे ठरवून संघाने ते सोसले. मॅनिंगने पुढे दोन सुपर बोल जिंकून दिले आणि सलग २१० सामन्यांत सुरुवात केली. २०१७मध्ये संघ २-९ असा गाळात असताना प्रशिक्षक बेन मॅकाडू यांनी जीनो स्मिथला खेळवायचे ठरवले. मॅनिंगपुढे त्यांनी प्रस्ताव ठेवला की त्याने सुरुवात करावी, म्हणजे सलग सामन्यांचा विक्रम चालू राहील, आणि मध्येच बाहेर यावे. मॅनिंगने नकार दिला. नुसत्या आकड्यासाठी मैदानात उतरायचे त्याला पटले नाही, आणि यात तोच बरोबर होता. ओकलंडविरुद्धचा सामना हरल्यावर दुसऱ्याच दिवशी मॅकाडू आणि महाव्यवस्थापक जेरी रीस या दोघांना काढून टाकण्यात आले, आणि पुढच्या सामन्यात मॅनिंग परत होता. बदलाचा मुद्दा क्रीडादृष्ट्या समर्थनीय होता; ज्याने संघासाठी १३ वर्षे दिली त्याला हा अर्धवट सन्मान देऊ करणे कोणालाच रुचले नाही.

महाविद्यालयीन फुटबॉलमधले सर्वांत गाजलेले उदाहरण ८ जानेवारी २०१८चे. अटलांटात राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात अलाबामा विद्यापीठ मध्यंतराला जॉर्जियापेक्षा १३-० असे मागे होते. प्रशिक्षक निक सेबन यांनी दोन हंगामांत केवळ दोन सामने हरलेल्या जेलन हर्ट्सला बसवून पहिल्या वर्षाच्या टुआ टॅगोव्हायलोआला पाठवले. जादा वेळेत आधी त्याला पकडून १६ यार्ड मागे ढकलले गेले आणि लगेच पुढच्या चालीत त्याने डेव्हॉन्टा स्मिथला ४१ यार्डांचा विजयी पास दिला. निकाल २६-२३. हर्ट्स संघ सोडून गेला नाही. डिसेंबर २०१८मध्ये त्याच स्टेडियममध्ये, त्याच जॉर्जियाविरुद्ध, दुखापतग्रस्त टुआच्या जागी तो आला आणि पिछाडीवरून सामना ३५-२८ असा जिंकून दिला. पुढे व्यावसायिक संघात तो स्वतः दुसऱ्याची जागा घेणारा ठरला. फिलाडेल्फिया ईगल्सनी डिसेंबर २०२०मध्ये मोठा करार असलेल्या कार्सन वेंट्झला बसवून हर्ट्सला उतरवले. हंगाम संपताच प्रशिक्षक डग पीडरसन यांची नोकरी गेली, वेंट्झ इंडियानापोलिसला गेला, हर्ट्स राहिला. फेब्रुवारी २०२५मध्ये ईगल्सनी कॅन्सस सिटीला ४०-२२ असे हरवले तेव्हा सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता, आणि त्याच्या एका लांब पासवर टचडाउन करणारा होता डेव्हॉन्टा स्मिथ.

या वादाला वर्णभेदाचा इतिहासही आहे, आणि तो बाजूला ठेवून ही नोंद पुरी होत नाही. कृष्णवर्णीय खेळाडूंना दीर्घकाळ या जागेवर येऊच दिले जात नसे. त्यांना झेल घेणाऱ्यांच्या किंवा बचावाच्या जागी हलवले जाई. १९७८मध्ये वॉरन मूनला एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये कोणी निवडले नाही आणि तो कॅनडात खेळायला गेला. ज्यांना संधी मिळे त्यांना चुका करायची मुभा कमी, ही तक्रार अनेक दशकांची आहे. म्हणूनच १९८७च्या हंगामाला मोल आहे. वॉशिंग्टनचे प्रशिक्षक जो गिब्ज यांनी साखळी फेरीच्या शेवटी जे श्रोडरला बसवून डग विल्यम्सवर विश्वास टाकला. ३१ जानेवारी १९८८ रोजी सुपर बोलच्या चार भागांपैकी एकट्या दुसऱ्या भागात विल्यम्सने चार टचडाउन पास फेकले, वॉशिंग्टनने डेन्व्हरला ४२-१० असे हरवले आणि सुपर बोल जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला.

अलीकडे या निर्णयात पैसा उघडपणे डोकावू लागला आहे. १९९४पासून एनएफएलमध्ये संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा आहे. महागड्या करारांत अनेकदा अशी अट असते की खेळाडू जायबंदी झाला तर पुढच्या वर्षाची ठरावीक रक्कम संघाला द्यावीच लागेल. डिसेंबर २०२३मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजनी रसेल विल्सनला बसवले तेव्हा त्याच्या करारातली ३ कोटी ७० लाख डॉलरची अशीच अट चर्चेत होती. ही अट बदलली नाहीस तर खेळवणार नाही, असे संघाने आपल्याला आधीच बजावले होते, असे विल्सनने जाहीरपणे सांगितले. प्रशिक्षक शॉन पेटन यांनी निर्णय खेळाच्या कारणासाठीच असल्याचे म्हटले. कारण काहीही असले तरी अशा वेळी प्रेक्षकांपुढे फॉर्मची चर्चा चालते आणि हिशेब मात्र करारातल्या कलमांचा होतो. खेळाडूवर हा अन्यायच आहे.

तरुण खेळाडूंच्या बाबतीत प्रश्न आणखी नाजूक होतो. २०२३च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू ब्राइस यंग याला मिळवण्यासाठी कॅरोलिना पँथर्सनी शिकागोला भावी निवडींसह डीजे मूर हा आपला उत्तम रिसीव्हर देऊन टाकला होता. म्हणजे नवख्याकडे संघ सोपवला आणि त्याचा हक्काचा झेलणाराच आधी घालवला. पहिल्या वर्षी संघाने दोनच सामने जिंकले. २०२४मध्ये दोन पराभवांनंतर लगेच यंगला बसवून अनुभवी अँडी डाल्टनला आणले. डाल्टनने पहिला सामना दणक्यात जिंकला, आणि यंगचे काही खरे नाही असे बहुतेकांनी धरले. त्यापुढचे चारही सामने संघ हरला. मग एका मोटार अपघातात डाल्टनचा अंगठा दुखावला आणि यंग परत आला. त्याच संघासह, उरलेल्या दहा सामन्यांपैकी चार त्याने जिंकून दिले आणि २०२५च्या हंगामाची सुरुवातही त्यानेच केली.