व्हॉल्व्ह सीट दुरुस्ती (जुन्या मोटारसायकली)

चार-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह बंद होताना ज्या कडेवर टेकतो, ती व्हॉल्व्ह सीट. ती झिजली, तिला खड्डे पडले किंवा ती आत खचली, की पुन्हा ठरावीक कोनात व रुंदीत आणावी लागते. पुण्यात हे काम प्रामुख्याने जुन्या कास्ट आयर्न (बिडाचा सिलिंडर असलेल्या) बुलेटचे निघते. क्वचित बीएसए एम-२० सारख्या साइड-व्हॉल्व्ह गाडीचे, जिची सीट हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) नसून सिलिंडरमध्ये असते. जुन्या जावा, येझदी, राजदूत १७५ या दोन-स्ट्रोक असल्याने त्यांना ही कटकट नाही.

किकचे कॉम्प्रेशन उतरणे, सायलेन्सरमध्ये फटाके, गरम गाडी सुरू न होणे ही लक्षणे इतर बिघाडांतही दिसतात. सर्वांत खात्रीची खूण टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतल्या मोकळीकीची): सीट खचली की व्हॉल्व्हची दांडी वर येते आणि टॅपेट सैल न होता घट्ट होत जातो. भारतात २००० पासून पेट्रोलमधून शिसे गेले. मऊ बिडाच्या सीटला त्याचे संरक्षण होते; ते गेल्याने सीट खचते, आणि जास्त तापणारी एक्झॉस्टची (जळका वायू बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) आधी.

पहिले काम गाइडचे, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिचे. कटरचा पायलट (मधला सरळ दांडा) गाइडमध्येच बसतो, त्यामुळे ढिल्या गाइडवर मारलेली सीट गोल येत नाही. नुसती ग्राइंडिंग पेस्ट लावून घासणे हा खड्ड्यांवरचा उपाय नव्हे. त्याने व्हॉल्व्हलाही खाच पडते.

आधी ४५ अंशांचा कटर, चहूबाजूंनी स्वच्छ धातू दिसेपर्यंतच. मग वरून ३० आणि खालून ६० अंशांचा हलका हात देऊन पट्टा (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) अरुंद करायचा. इनलेटला सुमारे १ ते १.५ मिमी, एक्झॉस्टला १.५ ते २ मिमी पुरते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच बाहेर पडते, म्हणून तिथे पट्टा फार बारीक केला तर व्हॉल्व्ह जळतो; फार रुंद ठेवला तर कार्बन अडकतो. मार्किंग ब्लू (खूण उमटवणारा निळा रंग) लावून पट्टा व्हॉल्व्हच्या मध्यावर येतो का पाहावे. शेवटी बारीक पेस्टने थोडेच घासावे, ड्रिलला लावून नव्हे. पेस्ट गाइडमध्ये राहिली तर नवे गाइडही खाते.

सीट फार खोल गेली असेल तर नवी रिंग (हेडमध्ये ठोकून बसवायची वेगळी सीट) लागते. नाना पेठेत गाइड, व्हॉल्व्ह, रिंगा मिळतात. रिंगेची बैठक मात्र भोसरीकडच्या एखाद्या चांगल्या मशीन शॉपमध्येच कापून घ्यावी. अॅल्युमिनियम हेडमध्ये ४० मिमीच्या आसपासच्या रिंगेला साधारण ०.१० ते ०.१२ मिमी ताण ठेवतात, म्हणजे रिंग बैठकीपेक्षा तितकी मोठी असते. हेड भट्टीत १८० ते २०० अंश सेल्सियसला सारखे तापवायचे, रिंग फ्रीझरमध्ये गार करायची आणि एका झटक्यात बसवायची. गॅसच्या ज्योतीने एकाच बाजूला तापवले तर हेड वाकते. सैल रिंगेला कडेने पंच मारून भागवणे धोक्याचे: चालत्या इंजिनात ती निसटली की पिस्टनही जातो. रिंग बसल्यावर तिन्ही कोन पुन्हा मारावेच लागतात.

स्प्रिंग जोडून पोर्टमध्ये (हेडमधल्या वायूच्या वाटेत) रॉकेल ओतावे. पाच मिनिटांत चेंबरमध्ये थेंब उतरता कामा नये. व्हॉल्व्हची दांडी जितकी वर आली तितक्या जाडीची शिम (पातळ चकती) स्प्रिंगखाली द्यावी. बुलेटचे टॅपेट थंड इंजिनावर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना लावतात: पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला रेटणारा लांब दांडा) बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलू नये. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावेत.