हरहुन्नरी कारागीर आणि एकाच कामाचा मिस्त्री

सोसायटीत नवे कुटुंब राहायला आले की पहिल्याच आठवड्यात त्यांना शेजाऱ्यांकडून एका माणसाचा नंबर मिळतो. नळ, पंखा, दाराची बिजागरी, पडद्याचा रॉड असे सगळे काही तो करतो. हा माणूस प्रत्येकाच्या परिचयाचा असल्यामुळे त्याच्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. मात्र त्याच्यात आणि केवळ वायरिंग किंवा केवळ प्लंबिंग करणाऱ्या मिस्त्रीत फरक काय, असे विचारले की ‘कामाच्या सफाईचा’ हे जे ठरलेले उत्तर येते, ते ऐकून माझे कान किटले आहेत.

सफाईत हरहुन्नरी माणूस बऱ्याचदा सरस असतो. रोज तीन-चार घरांत वावरल्यामुळे तो लेव्हल लावूनच भोक पाडतो, खाली वर्तमानपत्र अंथरतो आणि जाताना झाडूही मारतो. मजुरीतला फरक किरकोळ आहे. प्रमाणपत्राचे म्हणाल तर आयटीआयचा वायरमनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि प्लंबरचा एक वर्षाचा असतो, एवढे माहीत असले तरी पुरे.

खरी गफलत होते ती तक्रार बंद करणे आणि बिघाड काढणे या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे. आमच्या स्वयंपाकघरात तीन हजार वॉटचा इन्स्टंट गीझर आणि दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी एकाच लाइनवर होती, म्हणजे दोन्ही एकदम चालू असताना जवळजवळ बावीस अँपिअरचा भार पडत असे आणि थोड्या वेळाने सोळा अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज आपोआप तोडणारा स्विच, पडत असे. आमच्या हरहुन्नरी कारागिराने तो काढून बत्तीसचा बसवला, “आता नाही पडणार, साहेब” असे सांगितले, आणि खरोखरच तो पुन्हा पडला नाही. काही महिन्यांनी जळका वास येऊ लागला म्हणून वायरमनला बोलावले, तेव्हा त्याने बोर्ड उघडून पहिल्यांदा एमसीबीकडे नव्हे, तर तारेकडे पाहिले. भिंतीत अडीचची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची, वायर होती आणि जोडापाशी तिचे आवरण तपकिरी होऊन कडक झाले होते. एमसीबी उपकरणाच्या रक्षणासाठी नसून भिंतीतल्या तारेच्या रक्षणासाठी असतो, त्यामुळे त्याचा आकडा तारेच्या जाडीवरून ठरतो, हे त्याला ठाऊक होते. त्याने जळलेला तुकडा बदलला, सोळाचा एमसीबी परत लावला आणि गीझरसाठी मुख्य बोर्डापासून चारची स्वतंत्र लाइन ओढली. पहिल्या कारागिराला मी फार दोष देत नाही, कारण एमसीबी पडायचा थांबवा, एवढेच आम्ही त्याला सांगितले होते.

न्हाणीघराच्या गळतीतही हेच घडते. खालच्या घराच्या छताला ओल आली की फरशीच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरले जाते आणि महिनाभर सगळे खूश असतात. जाणकार मिस्त्री आधी नहाणी ट्रॅपचे, म्हणजे फरशीवरचे पाणी वाहून जाते त्या जागेचे, तोंड बंद करून निदान चोवीस तास पाणी साठवून ठेवतो आणि ओल फरशीतून उतरते की पाइपमधून, हे पाहतो. म्हणून भिंतीच्या किंवा फरशीच्या आत जे जाते, ते काम मी हरहुन्नरी माणसाला देत नाही. उघड्यावर जे दिसते, ते निर्धास्तपणे देतो.

एकाच कामाच्या मिस्त्रीचाही एक दुर्गुण मला असह्य होतो, तो म्हणजे आपल्या हद्दीबाहेरचे काहीही त्याला दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात आलेल्या प्लंबरने गळका सांधा अचूक शोधून उत्तम बदलला आणि त्यासाठी फोडलेल्या दोन टाइल्स व वीतभर खड्डा “ते गवंड्याचं काम” असे म्हणून तसाच सोडून दिला. तो खड्डा भरून, जुन्याशी मिळत्याजुळत्या टाइल्स कुठून तरी पैदा करून बसवल्या, त्या एमसीबी बदलणाऱ्यानेच.