उताराचा वारा आणि खेचरकान्या हरणाचं नाक

मोबाइलवरचं हवामान सांगतं, ‘वारा पश्चिमेकडून, ताशी ८ किलोमीटर’. कोलोरॅडोतल्या रॉकी पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्यांमध्ये पहिल्यांदाच शिकारीला उतरलेला माणूस या आकड्यावर विसंबून पूर्वेच्या बाजूने घळीत शिरतो. वारा तोंडावर येणार, मग हरणाला आपला वास कसा लागणार, असा त्याचा हिशोब असतो. अर्ध्या तासात समोरच्या झुडपांतली हरणं उठून धारेपलीकडे जातात. शिकाऱ्याला वाटतं, पाय वाजला असेल किंवा कपड्यांचा रंग दिसला असेल. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. अमेरिकेत तपशिलाने चालणारी हवामानाची संगणकीय प्रारूपंसुद्धा साधारण ३ किलोमीटरच्या चौकटींवर हिशोब करतात, आणि ती घळ असते दोनशे मीटर रुंद. त्या घळीत वारा कुठे वाहतो हे मोबाइलला माहीतच नसतं. हरणाला मात्र पक्कं माहीत असतं.

हे हरीण म्हणजे म्यूल डिअर. खेचरासारखे लांब कान, म्हणून हे नाव. नराची शिंगं दुबेळक्यासारखी फुटतात आणि त्या फाट्यांना पुन्हा फाटे येतात. शेपटी बारीक, टोकाला काळी, ढुंगण पांढरं. घाबरलं की चारही पाय एकदम आपटून स्प्रिंगसारखं उड्या मारत चढावर जातं. अशा उड्यांत दर वेळी दिशा बदलता येते आणि खडक-झुडपं सहज ओलांडता येतात. पाठलाग करणाऱ्या कोयोटीला, म्हणजे लांडग्याच्या लहान भाऊबंदाला, तेच जड जातं.

डेन्व्हर ते फोर्ट कॉलिन्स या पट्ट्यात सपाट माळरान संपतं तिथे आधी वाळूच्या खडकाची तिरकी धार लागते. तिची पूर्वेकडची बाजू उतरती, पश्चिमेकडची कड्यासारखी तुटलेली. तिच्यामागे १,७०० ते २,४०० मीटर उंचीच्या टेकड्या. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला इथला नकाशा वाचायला अडचण येत नाही. सोंड, घळ, खिंड, पदर सगळं तेच आहे. फरक आहे तो दोन बाजूंच्या झाडोऱ्यात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर गवत, माउंटन महोगनी आणि बिटरब्रश ही झुडपं, मधूनमधून पाँडेरोसा पाइन. उत्तरेच्या उतारावर डग्लस फरची दाट सावली. याचं कारण शाळेतल्या भूमितीत सापडतं. ४० अंश उत्तर अक्षांशावर ऑक्टोबरच्या अखेरीस दुपारचा सूर्य क्षितिजापासून फक्त ३८ अंश वर असतो. २५ अंशांच्या दक्षिण उतारावर त्याचे किरण ६३ अंशांनी पडतात, तेवढ्याच चढाच्या उत्तर उतारावर १३ अंशांनी. दोन्हींच्या साइनचं गुणोत्तर काढलं तर जवळपास चारास एक येतं. एकाच घळीच्या एका बाजूला दुसरीच्या चौपट ऊन, आणि सगळा खेळ इथूनच सुरू होतो.

‘दरीय वारे’ आणि ‘पर्वतीय वारे’ आपण भूगोलात पाठ केले: दिवसा वर, रात्री खाली. पण ‘गरम हवा हलकी, म्हणून वर जाते’ एवढ्यावर थांबलं की मुद्दा हातून निसटतो. हलकी, पण कोणापेक्षा? उताराला चिकटलेली हवा आणि त्याच उंचीवरची, पण घळीच्या मधोमध जमिनीपासून दूर तरंगणारी हवा, अशी ही तुलना आहे. उन्हाने तापलेली जमीन पहिलीला तापवते, दुसरीपर्यंत तिची ऊब पोचत नाही. समजा, फरक ३ अंश सेल्सिअसचा आहे. हवेचं केवल तापमान २९० केल्विनच्या आसपास धरलं तर घनतेत एक टक्का फरक पडला. गुरुत्वत्वरणाचा एक टक्का म्हणजे ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग. २० अंशांच्या उतारावर त्याचा उताराच्या दिशेने जाणारा घटक उरतो ०.०३४. अगदीच किरकोळ वाटतो, पण अडथळा नसेल तर एका मिनिटात तो हवेला सेकंदाला २ मीटर वेग देतो. घर्षण आणि आजूबाजूच्या हवेची सरमिसळ लगाम घालतात, म्हणून प्रत्यक्षात हा वारा सेकंदाला १ ते ३ मीटर, म्हणजे ताशी ४ ते १० किलोमीटर एवढाच राहतो. गालाला जेमतेम कळतो, पण वास वाहून न्यायला भरपूर झाला.

रात्री चिन्ह उलटतं. जमीन आकाशाकडे उष्णता फेकून निवते, तिला लागून असलेली हवा जड होऊन उताराने ओघळते, पाण्यासारखी घळीत जमा होते आणि घळीच्या तोंडातून माळरानावर सांडते. इथे एक गोष्ट पुस्तकात अनेकदा सुटते. रात्रीच्या हवेत खालचा थर थंड आणि वरचा उबदार असतो. खालच्या हवेचा गोळा चुकून वर ढकलला गेला तर तो आसपासच्या हवेपेक्षा जड ठरतो आणि पुन्हा खाली बसतो. म्हणून थरांची सरमिसळच होत नाही. थंडीच्या संध्याकाळी दरीतल्या गावात चुलींचा धूर छपरांवर आडवा पसरून तसाच राहतो, तो याचमुळे. धुराच्या जागी माणसाचा वास ठेवून पाहा. दिवसाच्या खळबळत्या हवेत वासाच्या चिंध्या होतात, हरणाला मधूनच एखादी झुळूक लागते. पहाटेच्या थंड ओघळात तोच वास फितीसारखा सलग राहतो आणि शेकडो मीटर खालीही ओळखता येतो. पहाट शांत आहे म्हणून निर्धास्त राहणारा शिकारी सर्वांत जास्त उघडा पडलेला असतो.

आता वेळापत्रक. इथे पंचांगातला सूर्योदय कामाचा नाही, त्या विशिष्ट उतारावर ऊन कधी पडतं ते महत्त्वाचं. ऑक्टोबरअखेर सूर्य सव्वासातनंतर उगवतो. पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारावरचा वारा थोड्याच वेळात फिरतो, पण समोरचा पश्चिम उतार नऊ-दहापर्यंत सावलीत असेल तर तिथे हवा अजून खालीच ओघळत असते. तास-दोन तास एकाच घळीच्या दोन बाजूंना विरुद्ध वारे वाहतात आणि मध्ये, तळाशी, भोवरे फिरतात. संध्याकाळी याहून मोठी चूक होते. पश्चिमेला उंच पर्वत असल्यामुळे पूर्व उतारावर तीन-चार वाजताच सावली येते आणि त्यानंतर लवकरच वारा खाली वळतो. सूर्यास्त सहाला आहे म्हणून पाचपर्यंत वरच्या बाजूला बसून राहिलेल्या माणसाचा वास तासभर आधीच खाली पोचलेला असतो.

याच्यावर आणखी एक थर आहे. उताराचा वारा पातळ असतो, रात्री काही मीटर ते काही दशक मीटर जाड. मोठ्या दरीच्या लांबीच्या दिशेने वाहणारा वारा जाड असतो, आणि तेवढी हवा तापायला किंवा निवायला वेळ लागतो, म्हणून तो दोन-तीन तास मागे राहतो. हवामानशास्त्रज्ञ फ्रीडरिख देफांट यांनी १९४९ मध्ये या दोन चक्रांची सांगड आठ टप्प्यांच्या आकृतीत घातली, ती आजही शिकवली जाते. तिचा व्यवहारातला अर्थ असा: सकाळी साडेआठला उतारावरची हवा वर चढायला लागलेली असते, पण दरीतला मुख्य प्रवाह अजून माळरानाकडेच जात असतो. दोन्हींची बेरीज तिरकी येते, सोंडेला वळसा घालून वर चढणारी. शिवाय रॉकीवरून ‘चिनूक’ उतरला की हे सगळं पुसलं जातं. खाली येताना दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापणारा हा जोरकस वारा उताराच्या नाजूक वाऱ्यांना उरू देत नाही. अशा दिवशी हरणं आडोशाच्या घळींत दबून बसतात.

मोठा नर दिवसा बसतो कुठे, हे आता कळतं. उताराच्या वरच्या एक-तृतीयांश भागात, धारेच्या थोडं खाली, खडक किंवा जुनिपरच्या झुडपाला पाठ लावून, तोंड खाली. धारेवरून पलीकडचा वारा येतो तो मागचा वास आणतो, उतारावरून चढणारी हवा खालचा वास आणते, आणि मधला प्रदेश डोळे राखतात. नाकाला दोन बाजू, डोळ्यांना एक. रवंथ करत असतानाही ही पहारेदारी थांबत नाही.

अनोळखी प्रदेशात म्हणूनच आधी चालायचं नाही, बघायचं. १:२४,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्चरेषा पाहून दक्षिण आणि आग्नेय उतारांवरची झुडपं आणि त्यांना लागून असलेली उत्तरेची सावली शोधावी. खासगी जमिनींच्या हद्दीही त्याच वेळी खुणावून ठेवाव्यात, कारण कोलोरॅडोत पाटी नसली तरी परवानगीशिवाय शिरणं गुन्हाच आहे. उजाडायच्या आत समोरच्या धारेवर, ५०० ते ८०० मीटर अंतरावर बसावं. १० बाय ४२ची (दहापट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगांची) दुर्बीण तिपाईवर लावावी, हातात नको. हाताच्या कंपाने कानाची हालचाल हरवते. अख्खं हरीण शोधू नये. उभ्या खोडांमधली आडवी पाठ, कानाची फडफड, ढुंगणाचा पांढरा ठिपका शोधावा. पहिल्या दीड तासात चरणारी हरणं दिसतात, नऊ-दहाला ती बसतात. दुपारी सावली सरकली की उठून दोन-चार मीटरवर पुन्हा बसतात. नर नेमका कुठे बसला ते पाहून, हवा वर वाहायला स्थिरावली की, दहा-अकरानंतर वरच्या बाजूने पण थोडं आडवं होऊन जवळ जावं. सरळ माथ्यावरून उतरू नये, धारेपलीकडचा वारा पाठीवर येतो. पहाटे आणि संध्याकाळी उलट, खालून. वारा फिरण्याच्या मधल्या तासात जागचं हलूच नये.

वारा तपासायला टाल्कम पावडरची बाटली वापरतात, पण ती दोन-तीन मीटरपुरतीच दिसते. त्याहून उत्तम साधन मिल्कवीडच्या शेंगेतला कापूस. ही वनस्पती आपल्या रुईच्याच कुळातली आहे, आणि तिचे रेशमी केस म्हणजे आपण लहानपणी जिच्यामागे धावतो ती म्हातारी. एक म्हातारी सोडायची आणि दुर्बिणीने शंभर मीटरपर्यंत तिच्यावर नजर ठेवायची. ती आधी वर चढते, सोंडेच्या कोपऱ्यावर थबकते, गिरकी घेऊन मागे येते. तो भोवरा नकाशावर कुठेच नसतो. दर काही मिनिटांनी एक सोडत राहिलं की घळीचा श्वास समजायला लागतो.

वास मारणारे फवारे आणि चंद्रावरून शिकारीचे ‘मुहूर्त’ सांगणारे तक्ते यांवर लोक बरेच पैसे घालवतात. फवारा कपड्यांवर मारला तरी त्वचा आणि श्वास दर क्षणी नवा वास सोडतातच. तक्त्यांची कल्पना मासेमारीवर लिहिणारे जॉन ऑल्डन नाइट यांनी १९२६ मध्ये मांडली. पण हरणांची मुख्य हालचाल रोजच उजाडताना आणि मावळताना होते, हे कुठल्याही तक्त्याशिवाय दिसतं. केशरी रंगाचं भयही तसंच. हरणाच्या डोळ्यांत निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या दोनच प्रकारच्या शंकुपेशी असतात, केशरी त्याला मळकट दिसतो. रायफलच्या हंगामात कायद्याने ५०० चौरस इंच चमकता केशरी किंवा गुलाबी रंग आणि तशीच टोपी लागते, ती बिनधास्त घालावी. काळजी घ्यायची ती कपडे उजळवणाऱ्या साबणाची: त्यातली द्रव्यं अतिनील प्रकाश शोषून निळी चमकतात, आणि निळा हरणाला नीट दिसतो.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे. कोलोरॅडोत ती दर वर्षी ठरणाऱ्या कोट्यातून, सोडतीच्या परवान्यावर होते. तिथे एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या मराठी माणसाने हे ध्यानात ठेवावं: संघराज्याच्या कायद्यात अशा व्हिसाधारकाला बंदूक बाळगायला मनाई आहे, आणि राज्याचा वैध शिकार परवाना हा तिच्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे.

चढउतारावर नेम धरताना अंतर आडवं मोजावं. ३० अंशांच्या उतारावरचे ३०० मीटर गोळीच्या घसरणीसाठी २६० मीटरच असतात, नाहीतर गोळी वरून जाते. नेम खांद्याच्या मागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस लागलं आहे, अर्धा तास थांबून माग काढावा. काळपट आणि हिरवट असेल तर गोळी पोटात आहे, तेव्हा काही तास थांबावं. लगेच मागे गेलं तर जखमी जनावर मैलभर पळतं आणि हकनाक तडफडतं.

मांस निववतानाही तोच वारा हाताशी येतो. आतडी लगेच काढून, कातडं सोलून, तंगड्या हवा खेळती राहील अशा कापडी पिशवीत घालून उत्तर उतारावर, घळीच्या थंड ओघळात टांगाव्यात. अस्वलं असतात, म्हणून जमिनीपासून उंच आणि मुक्कामापासून दूर. या पट्ट्यातल्या हरणांत मेंदू कुरतडणारा प्रिऑनचा, म्हणजे घडी बिघडलेल्या प्रथिनाचा, रोग आहे. तो १९६७ मध्ये फोर्ट कॉलिन्सच्या बंदिस्त हरणांत पहिल्यांदा नजरेस आला. शिजवल्याने प्रिऑन नष्ट होत नाही. मेंदू, पाठीचा कणा आणि लसिका ग्रंथी टाळून मांस कापावं, डोकं तपासणीसाठी द्यावं, आणि निकाल येईपर्यंत प्रत्येक पिशवीवर त्या जनावराचा क्रमांक लिहून ती फ्रीजरमध्ये वेगळी ठेवावी.