पीएच मीटरचे अंशांकन : ४, ७, ९.२ की ४, ७, १०?

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या, मातीपरीक्षणाच्या आणि पाणीतपासणीच्या अनेक प्रयोगशाळांत पीएच मीटरचे अंशांकन, म्हणजे ज्ञात द्रावणांवर मीटरचा आकडा जुळवणे, वर्षानुवर्षे ४, ७ आणि ९.२ या तीन बफर गोळ्यांवर होत आले आहे. बफर म्हणजे पीएच सहजासहजी न बदलणारे द्रावण. एक गोळी १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवायची, इलेक्ट्रोड धुऊन टिपून घ्यायचा आणि आकडा जुळवायचा. नवीन मीटर मात्र बहुधा ४.०१, ७.०० आणि १०.०१ हे आकडे मागतो. या फरकाकडे उत्पादकाची आवडनिवड म्हणून पाहिले जाते. पण प्रमाण आकडा कोणत्या द्रावणाला द्यायचा आणि कशाच्या बळावर द्यायचा, हा प्रश्न पन्नासहून अधिक वर्षे वादात होता आणि आजचा गोंधळ त्याच वादाच्या अंगाने समजतो.

सामूची, म्हणजे पीएचची, कल्पना १९०९ साली कोपनहेगनमधील एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मांडली गेली, आणि काचेच्या इलेक्ट्रोडचे वर्णनही त्याच वर्षी जर्मनीत प्रसिद्ध झाले. १९३४ च्या सुमारास कॅलिफोर्नियात लिंबाच्या रसाचा आम्लपणा मोजण्यासाठी निर्वात नळ्यांच्या वर्धकाचा मीटर तयार झाला, कारण रसात टिकवणीसाठी घातलेल्या सल्फर डायऑक्साइडमुळे लिटमसचा रंगच उडत असे. सल्फिटेशनच्या (सल्फर डायऑक्साइड सोडून शुद्ध केलेल्या) रसाशी रोज गाठ पडणाऱ्या आपल्याकडच्या केमिस्टला ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

खरी अडचण १९२४ साली पुढे आली. सामूची व्याख्या हायड्रोजन आयनांच्या संहतीऐवजी (द्रावणातील प्रमाणाऐवजी) त्यांच्या सक्रियतेवर, म्हणजे प्रत्यक्ष परिणामकारक प्रमाणावर, बेतण्यात आली. तत्त्वतः ते योग्यच होते, पण एकट्या आयनाची सक्रियता कोणत्याही प्रयोगाने स्वतंत्रपणे मोजता येत नाही. त्यामुळे कुठेतरी एक संकेत मान्य करून आकडा ठरवावाच लागतो. तो संकेत कोणता असावा, यावर दोन पक्ष पडले.

ब्रिटिश पद्धतीने १९५० साली एकच द्रावण मूळ मानले. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटच्या ०.०५ मोलर द्रावणाचा सामू १५ अंश सेल्सिअसला नेमका ४ धरायचा आणि बाकी सगळी द्रावणे त्याच्याशी तुलना करून ठरवायची, अशी ती मांडणी होती. अमेरिकन पद्धतीने अनेक द्रावणांना मूळ दर्जा दिला. २५ अंशांना थॅलेट ४.००५, समप्रमाण फॉस्फेट ६.८६५ आणि बोरॅक्स ९.१८० असे आकडे द्रवसंधी (दोन द्रावणे एकमेकांना भिडतात ती जागा) नसलेल्या घटात, हायड्रोजन आणि सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या साहाय्याने मोजून, ठरवले गेले. त्यासाठी लागणारा क्लोराइडच्या सक्रियतेचा संकेत १९६० साली मांडण्यात आला. एका मूळ द्रावणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आक्षेप बिनतोड होता : मापपट्टीचे अनेक बिंदू आधीच ठरवले, तर एकाच नमुन्याला कोणत्या दोन बफरांच्या मध्ये मोजले त्यानुसार किंचित वेगळे उत्तर येऊ शकते. दुसऱ्या बाजूचे उत्तर व्यवहाराचे होते. काचेचा इलेक्ट्रोड सैद्धांतिक उतार, म्हणजे २५ अंशांना सामूच्या प्रत्येक एककामागे ५९.१६ मिलिव्होल्ट, क्वचितच पूर्ण देतो. मग एका बिंदूवर विसंबून दुसरा बिंदू गृहीत कसा धरायचा? १९८५ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीने दोन्ही मार्ग मान्य केले आणि प्रश्न लांबणीवर टाकला. हा निर्णय प्रस्तुत लेखकाला त्या काळातील सर्वांत नुकसानकारक वाटतो, कारण बाटलीवरचा आकडा कोणत्या परंपरेतून आला हे वापरणाऱ्याला कळण्याचा मार्गच त्याने पुसट केला. २००२ च्या शिफारशीत अनेक मूळ प्रमाणे, प्रत्येक आकड्यासोबत अनिश्चितता आणि नमुन्याच्या दोन्ही बाजूंचे बफर असा स्पष्ट कौल मिळाला. तो बराच उशिरा आला.

आपल्या ९.२ च्या गोळीचे मूळ या बोरॅक्समध्ये आहे. ७ च्या गोळीचे नाते इतके सरळ नाही. समप्रमाण फॉस्फेटचा आकडा ६.८६ आहे, ७.०० हवा असेल तर दोन फॉस्फेटांचे प्रमाण बदलावे लागते. ७.०० समजून ६.८६ चे द्रावण वापरले, तर पहिल्याच पायरीला ०.१४ ची चूक बसते. क्लिअर ज्यूसचा (शुद्ध करून निवळलेल्या उसाच्या रसाचा) सामू ७ च्या आसपास राखताना खाली घसरला की साखरेचे इन्व्हर्शन (साखर तुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होणे) आणि वर गेला की रसाला रंग, अशा दुहेरी काळजीत असलेल्या शिफ्ट केमिस्टच्या दृष्टीने ही चूक लहान नाही.

नॉबच्या मीटरवर ती निदान डोळ्यांसमोर असे. ७ च्या बफरमध्ये एका नॉबने शून्यबिंदू बसवायचा, ४ किंवा ९.२ मध्ये दुसऱ्याने उतार. नॉब टोकाला जाऊनही आकडा जुळेना, की इलेक्ट्रोड थकला किंवा बफर बिघडला हे हाताला कळे. सूक्ष्मप्रक्रियक (मायक्रोप्रोसेसर) असलेल्या मीटरांनी बफर आपोआप ओळखायला सुरुवात केली आणि ही जाणीव मीटरच्या आत गेली. १०.०१ अपेक्षित असलेल्या मीटरला ९.१८ चे द्रावण दिले आणि त्याने ते स्वीकारले, तर त्या बाजूचा उतार सुमारे ७२ टक्के दिसतो. मीटर इलेक्ट्रोडला दोष देतो आणि चांगला इलेक्ट्रोड फेकला जातो. १०.०१ चे कार्बोनेट बफर आणि बोरॅक्स दोन्ही उघड्या बीकरमध्ये हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून खाली येतात. त्यामुळे कालचे द्रावण आज वापरण्याची सवय दोन्हींच्या बाबतीत घातकच.

तापमानाची भरपाई या शब्दानेही असाच गैरसमज पसरला. मीटरची स्वयंचलित भरपाई इलेक्ट्रोडच्या उतारापुरती असते. नमुन्याचा सामू तापमानाने बदलला, तर तो बदल ती पुसत नाही. बफरचे तेच आहे. बोरॅक्स २५ अंशांना ९.१८, ३० ला ९.१४ आणि ४० ला ९.०७ असतो. वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेत एप्रिलच्या दुपारी ९.१८ वर जुळवलेला मीटर त्यामुळे सुरुवातीलाच सुमारे एक दशांशाने चुकीच्या जागी उभा असतो. थॅलेटचा आकडा याच टापूत जेमतेम ०.०३ ने वर सरकतो. मीटरमध्ये निवडलेला बफरसंच बाटलीवरील संचाशी जुळत असेल आणि तापमापक शोधक त्याच द्रावणात बुडवलेला असेल, तरच ही दुरुस्ती मीटर स्वतः करतो. हाताने जुळवताना बाटलीवर छापलेल्या तक्त्यातील त्या तापमानाचा आकडाच द्यावा लागतो.